बाई ऐकत नाही?



कौटुंबिक तक्रारी हाताळणाऱ्या कुणाही कार्यकर्तीला एक वाक्य पाठ असते. ‘ती ऐकतच नाही.’ नवरा म्हणतो, सासू म्हणते, कधी बाईचा सख्खा भाऊही म्हणतो. आपल्या भाषेत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. कानावर पडणे हा एक, आणि सांगितलेले निमूटपणे मानणे हा दुसरा. बाईच्या बाबतीत बहुधा दुसराच अर्थ चालतो. म्हणून हे वाक्य आले की आपण लगेच त्यामागची सत्ता शोधू लागतो, आणि ते योग्यच आहे. पण कोल्हापूरच्या आसपास बांधकामावर बिगारी काम करणाऱ्या बायकांच्या वस्त्यांत काही वर्षे जाऊन-येऊन मला आणखी एक प्रश्न विचारायची सवय लागली आहे. तिला ऐकू येते का?

मागच्या वर्षी केंद्रात आलेली एक बाई. वय अडतिसाच्या घरात, सोळा वर्षे बांधकामावर, त्यातली बरीचशी मिक्सरवर खडी-वाळूच्या पाट्या टाकण्यात गेलेली. नवऱ्याची तक्रार अशी की हाक मारली तर ओ देत नाही, मुद्दाम पाठ करून बसते, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी उठत नाही, डाळ करपवते. या डाळीवरून तिने मार खाल्लेला होता. बाईचे म्हणणे एवढेच, ‘‘मला कळलंच न्हाई वो ताई.’’ आणि मग जरा थांबून, ‘‘रातच्याला कानात रातकिडं वरडत्यात. झोप लागंना.’’ ती हे कुणाला सांगत नव्हती, कारण डोक्यात काहीतरी झाले आहे असे लोक म्हणतील याची भीती. तिचे कान तपासून घेतले तेव्हा पडदे शाबूत होते, मळ नव्हता, पू नव्हता. श्रवणचाचणीच्या आलेखात मात्र दोन्ही कानांची रेषा वरच्या पट्टीच्या आवाजांपाशी खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरलेली होती. कुकरची शिट्टी त्याच पट्टीतली.

हा खड्डा डॉक्टरमंडळींच्या चांगल्या ओळखीचा आहे. आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्यात सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी. एका कानात सुमारे पंधरा हजार. आवाजाची लहर आली की हे तंतू हलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. पाऊलवाटेवरचे गवत एकदा तुडवले तर पुन्हा उभे राहते, रोज तुडवले तर मरते. तसेच यांचे होते. एक दिवस मोठ्या आवाजात काढला की संध्याकाळी कान बधिर होतात, सकाळी बरे वाटते. रोज तेच झाले की पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्याला औषध नाही, ऑपरेशन नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, पण हरवलेले बारकावे परत येत नाहीत. सुरुवातीचे नुकसान बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास होते, म्हणजे बोलण्यातल्या व्यंजनांच्या भागात.

याचा अर्थ काय, ते समजून घेतले पाहिजे, कारण इथेच बाईचा घात होतो. स्वर जड असतात, ते ऐकू येतात. स, श, क, ट, फ ही व्यंजने हलकी आणि वरच्या पट्टीतली, ती गळतात. ‘पाटी आण’ आणि ‘काठी आण’ यांतला फरक जातो. कुणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. म्हणून ती ‘अं?’ म्हणते, चुकीची वस्तू आणते, किंवा हसून मान हलवते. घरच्यांना वाटते, आवाज तर हिला येतो, म्हणजे हे सोंग आहे. शिवाय शांत खोलीत समोरासमोर तिला बरेचसे समजते, कारण ती ओठ वाचायला आपोआप शिकलेली असते. पाठीमागून हाक आली, चूल पेटलेली, मुले रडताहेत, टीव्ही चालू, की सगळे संपले. साईटवर वरून फळी निसटली आणि कुणी ‘सरक!’ म्हणून ओरडले तर तिच्या कानात फक्त ‘अ-अ’ पोचते. मागे येणाऱ्या डंपरची पिं-पिंसुद्धा वरच्या पट्टीतलीच. असा अपघात झाला की पंचनाम्यात ‘मजूर महिलेचे दुर्लक्ष’ असे लिहिले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्या शहरात आवाजाची चर्चा होत नाही असे कुणी म्हणणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीवर दरवर्षी किती शाई खर्च होते! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्यावर सविस्तर निकाल दिला. चांगले झाले. पण हे नियम शेजाऱ्याचे रक्षण करतात. कळंबा, पाचगाव, मोरेवाडीकडे एकामागून एक अपार्टमेंट उठताहेत. समोरच्या बंगल्यातली व्यक्ती ब्रेकरच्या आवाजाने हैराण झाली तर तिला तक्रारीची जागा आहे. ब्रेकरपासून चार हातांवर राडारोडा घमेल्यात भरणाऱ्या बाईसाठी तो नियमच नाही. तिच्यासाठी वेगळा नियम आहे, आणि तो काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे.

बांधकाम मजुरांच्या संघटनांनी १९८५ पासून देशभर मोहीम चालवली, तेव्हा कुठे १९९६ मध्ये बांधकाम कामगारांचा कायदा आला. त्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत ३४ वा नियम आवाज आणि हादऱ्यांबद्दलचा. मजुरांना त्यांच्यापासून वाचवण्याचे उपाय मालकाने करायचे, आणि आवाज परिशिष्टातल्या मर्यादेबाहेर जाऊ द्यायचा नाही. ती मर्यादा होती ८ तासांसाठी ९० डेसिबल, ४ तासांसाठी ९५, २ तासांसाठी १००, एका तासासाठी १०५. आता ही गंमत बघा. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. ८५ डेसिबलचे दोन मिक्सर शेजारी शेजारी चालले तर होतात ८८. म्हणजे ३ डेसिबल वाढले की कानावर आदळणारी शक्ती दुप्पट. अमेरिकेतली व्यावसायिक सुरक्षेची सरकारी संशोधन संस्था हाच हिशेब धरून ८ तासांसाठी ८५ डेसिबल सुचवते, आणि प्रत्येक ३ डेसिबलमागे वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये माणसाने जास्तीत जास्त १५ मिनिटे थांबावे. आपल्या नियमाने दोन तास. कोल्हापूरच्या बाईचा कान अमेरिकेतल्या मजुराच्या कानापेक्षा आठपट मजबूत असतो, असे आपल्या नियमकर्त्यांनी ठरवलेले दिसते! युरोपातही २००३ च्या निर्देशानुसार ८० डेसिबलपासूनच मालकाला मजुरांना माहिती आणि कानाची साधने द्यावी लागतात.

साईटवर प्रत्यक्षात किती असते? मिक्सरपाशी ८५ ते ९०. स्लॅब पडताना काँक्रीटमध्ये घालतात त्या व्हायब्रेटरजवळ ९० च्या पुढे, आणि त्याची सुई सळईला लागली की आणखी. फरशी आणि ग्रॅनाइट कापणारा कटर १०० च्या आसपास, ब्रेकर त्याच्याही वर. स्लॅबचा दिवस आठ तासांत संपत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. एकदा ओतायला घेतले की पुरे होईपर्यंत थांबायचे नाही, मग रात्रीचे दहा वाजोत. टोप-कासारवाडीच्या खडी क्रशरवर तर आवाजाच्या जोडीला धूळ.

आणि या सगळ्यात बाई कुठे उभी असते? कारखान्यात किंवा साईटवर कधी सुरक्षेचा विचार झालाच तर तो यंत्र चालवणाऱ्याचा होतो. यंत्र चालवतो पुरुष. व्हायब्रेटरवाला, कटरवाला, ब्रेकरवाला यांना नाव आहे, हुद्दा आहे, वेगळी हजेरी आहे. बाई ‘हाताखाली’. मिक्सरच्या तोंडाशी पाटी ओतणारी ती, कटरवर पाणी सोडणारी ती, ब्रेकरने फोडलेले उचलणारी ती. आवाजाला हुद्दा कळत नाही. कटरवाला दोन तास काम करून विडी ओढायला बाजूला जातो, मग दुसरा येतो. हाताखालची बाई तीच राहते. मजुरी कमी, कानावरचा भार तितकाच किंवा जास्त. इचलकरंजीची गोष्ट वेगळी नाही. तिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून शंभरावर वर्षे त्या गावाने खडखडाट ऐकला आहे. मागवाल्याचा बहिरेपणा गावाला निदान माहीत तरी आहे. त्याच शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या बायकांचे नाव कुणी काढत नाही.

एक मुद्दा जपून मांडते. गरोदर बाईने ८५ डेसिबलवरच्या आवाजात रोज काम करू नये असा तज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण जड आवाज पोटातल्या बाळापर्यंत पोचतो आणि आईने कानात बोळे घातले तरी बाळाला त्याचा उपयोग नाही. स्वीडनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, गरोदरपणी अशा आवाजात पूर्णवेळ काम केलेल्या आयांच्या मुलांत ऐकण्याचे दोष जास्त आढळले. हे बायकांना सांगितलेच पाहिजे. पण हेच वाक्य ठेकेदाराच्या हाती पडले की त्याचे काय होते, हेही आपण अनेकदा पाहिले आहे. ‘‘बायकांना झेपत नाही, उद्यापासून येऊ नका.’’ संरक्षणाच्या नावाखाली बाईचा रोजगार काढून घ्यायचा हा जुना डाव आहे. रात्रपाळीच्या बंदीपासून आपण तो ओळखतो. म्हणून मागणी करताना शब्द नीट वापरूया. यंत्र गप्प करा, बाईला घरी बसवू नका. गरोदर असेल तर त्याच मजुरीत शांत जागचे काम द्या.

आता कानाच्या बोळ्यांविषयी. आपल्या राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाने नोंदणी झालेल्या मजुरांना सुरक्षा संच वाटले. त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे यांच्याबरोबर कानाचे प्लगही होते. एका वस्तीत मी पेट्या उघडून दाखवायला सांगितल्या. डबा वापरात, चटई वापरात, विजेरी वापरात. हेल्मेट एकीने कोथिंबिरीच्या रोपांना दिले होते. प्लगची पुडी बहुतेक ठिकाणी फोडलेलीच नव्हती, आणि एका घरी त्यांना दोरा बांधून लेकरू खेळत होते. बायकांचे काहीच चुकले नाही. वस्तू दिली, ती कशासाठी हे कुणी सांगितलेच नाही. ज्या बायकांनी घालून पाहिले त्यांची तक्रार होती की बसत नाहीत, दुखतात. खरे आहे, बायकांच्या कानाचे भोक सर्वसाधारणपणे लहान असते आणि एकाच मापाचा प्लग सगळ्यांना होत नाही. स्पंजाचा प्लग असेल तर हात धुऊन तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. कापसाचा बोळा घालून फारसे काही साधत नाही. पदर गुंडाळून तर नाहीच.

प्लगवर सगळी भिस्त ठेवणे हेही मालकाच्या सोयीचे असते. दिवसातला एक दशांश वेळ प्लग काढला, तर तो कितीही भारी असला तरी सरासरी १० डेसिबलपेक्षा जास्त वाचवू शकत नाही. निम्मा वेळ काढला तर ३. घामाच्या धारा, सिमेंटचे हात, मुकादमाची हाक ऐकायची धास्ती, यात आठ तास प्लग कोण ठेवणार? म्हणून आधी आवाज उगमापाशी कमी करायला हवा. जनरेटर आवाजरोधक पेटीतला घ्यावा, आणि माणसांपासून लांब ठेवावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की साधारण ६ डेसिबल कमी होतात, त्याला पैसा लागत नाही. फरशी कापायची एक खोली वेगळी ठेवावी, तीत झाडलोट करणाऱ्या बायकांना कटर चालू असताना पाठवू नये. यंत्राचे सैल नटबोल्ट आवळावेत, वंगण घालावे, व्हायब्रेटरची सुई सळईवर टेकवू नये. पाट्या टाकणाऱ्या बायकांची मिक्सरवरची पाळी दर दोन तासांनी बदलावी. यातले कुठलेच काम बिल्डरचे दिवाळे काढणारे नाही.

आवाज जास्त आहे हे ओळखायला यंत्र लागतेच असे नाही. हातभर अंतरावरच्या बाईशी बोलताना आवाज चढवावा लागला, की समजायचे ८५ ओलांडले. ही कसोटी नाक्यावरच्या बायकांना एकदा सांगितली की विसरत नाहीत. ‘‘म्हंजे आमचा जल्मच त्याच्या वर गेला की,’’ असे एक मावशी म्हणाल्या होत्या.

भरपाईची कहाणी थोडक्यात सांगते, कारण ती फार लांब नाही. कामाच्या आवाजाने येणारा बहिरेपणा आपल्याकडे १९४८ पासून भरपाईयोग्य आजार मानला गेला आहे. नंदी आणि धात्रक या संशोधकांनी २००८ साली लिहिलेल्या लेखात नोंदवले आहे की पहिली भरपाई मिळाली ती १९९६ साली. ४८ वर्षे! आणि तीही नोकरीचा पुरावा असलेल्या माणसाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, १९९६ चा बांधकाम कायदा त्यांत विलीन झाला. व्यावसायिक आजारांच्या याद्यांत आवाजाचा बहिरेपणा नव्या संहितांतही आहे. पण भरपाईसाठी त्या कामावर सलग सहा महिने नोकरी दाखवावी लागते. नाक्यावरची बाई सोमवारी एका ठेकेदाराकडे, गुरुवारी दुसऱ्याकडे. पुष्कळदा नवरा-बायकोची जोडी म्हणून हजेरी नवऱ्याच्या नावावर लागते, पैसे त्याच्या हाती पडतात, आणि मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारा ९० दिवसांचा दाखलासुद्धा बाईला मिळत नाही. शिवाय दहापेक्षा कमी मजूर असलेली साईट कायद्याबाहेर. आपल्या शहरातली निम्मीअर्धी घरे अशीच सहा-सात माणसांत उभी राहतात. अपंगत्वाच्या दाखल्याचा दरवाजाही अर्धवट उघडा आहे. २०१६ च्या कायद्यात ‘ऐकू कमी येणे’ म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलची हानी. आमच्या या बायका त्याच्या खूप आधीच घरात, साईटवर, बाजारात मूर्ख ठरलेल्या असतात.

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, साईटवर संडास नाही, पाणी नाही, समान मजुरी नाही, तिथे कानाचे काय घेऊन बसलीस? प्रश्न रास्त आहे. मीही संडासाची मागणी कानाच्या मागे ढकलणार नाही. पण संडास उद्या बांधला तर उद्यापासून वापरता येतो. गेलेला कान उद्या नियम बदलला तरी येत नाही. आणि ज्या बाईला बैठकीत बोललेले नीट कळत नाही, ती हळूहळू बैठकीला यायची थांबते. आपल्या किती गटांत मागच्या ओळीत बसून नुसते हसणाऱ्या बायका आहेत, ते जरा आठवून पाहा.

इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. तांबटांना बहिरेपण येते हे त्याने त्यात नोंदवले आहे, आणि प्रत्येक रुग्णाला ‘तुझा धंदा काय’ हे विचारा असा आग्रह धरला आहे. सव्वातीनशे वर्षे होत आली. आपल्याकडच्या केसपेपरवर बाईच्या नावापुढे अजूनही ‘गृहिणी’ लिहिले जाते, सकाळी आठला ती मिक्सरवर असली तरी. कान दाखवायला सीपीआरला किंवा कुठेही बाईबरोबर जाल तेव्हा एवढे करा: काम काय आणि किती वर्षे, हे केसपेपरवर लिहून घ्या. श्रवणचाचणी शक्यतो सुट्टीनंतरच्या सकाळी करा, म्हणजे आदल्या दिवशीचा बधिरपणा त्यात मिसळणार नाही. नव्या संहितेप्रमाणे यादीतला व्यावसायिक आजार आढळला तर डॉक्टरांनी तो सरकारी अधिकाऱ्याला कळवायचा असतो. नम्रपणे आठवण करून द्या. आपल्या केंद्रांच्या तक्रार-अर्जातही ‘ऐकत नाही’ असे आले की त्याखाली कानाविषयी दोन ओळी लिहायला जागा ठेवू. बहिरेपणा निघाला म्हणून मारहाण माफ होत नाही, हे वेगळे सांगायला नको. २००५ चा कायदा आहे तसाच वापरायचा. पण सासरच्यांना बोलावून आलेख समोर ठेवला, समोर येऊन, तोंड दिसेल असे बोला म्हणून सांगितले, तर काही घरांत फरक पडतो असा माझा अनुभव आहे. डाळीवाल्या बाईच्या घरात थोडा पडला. सासूने कुकरजवळ बसायचे स्वतःकडे घेतले. नवऱ्याबद्दल आत्ताच काही लिहीत नाही.

कामगार संघटनांशी बोलणे सुरू केले आहे. नव्या संहितेखालच्या मानकांत ९० च्या जागी ८५ यावे, मंडळाच्या पैशांतून बांधकामावरच्या बायकांची वर्षाला एकदा श्रवणचाचणी व्हावी, सुरक्षा संचात दोन-तीन मापांचे प्लग असावेत आणि ते कसे घालायचे हे दाखवल्याशिवाय पेटी वाटू नये, या तीन मागण्यांवर एकमत होईल असे दिसते. त्यासाठी आपल्याला नोंदी लागतील. तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या बांधकामावरच्या बायकांशी बोला. बाईचे नाव नको, साईटचेही नको. काम काय, किती वर्षे, जवळ कोणते यंत्र, हातभर अंतरावरून ओरडावे लागते का, कानात रातकिडे वाजतात का, एवढे एका पोस्टकार्डावर मावते. ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. तोवर आलेली पत्रे आम्ही पुढच्या अंकात छापू.